साध्या फोनवरून स्मार्टफोनकडे जाताना रिचार्ज कोणते घ्यावे?

पोवईनाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सातारा शहरात राहतो. एका सहकारी संस्थेतून लेखनिक म्हणून निवृत्त होऊन मला नऊ वर्षे झाली आणि आजवर मी बटणांचाच फोन वापरत आलो. त्या फोनवरचे पाचाचे बटण आता कधी उमटते, कधी उमटत नाही, आणि नेमके निम्म्या नातेवाइकांच्या क्रमांकांत पाच आहे. पुण्याच्या मुलाने दिवाळीला स्मार्टफोन आणून दिला. तो अद्याप खोक्यातच आहे, कारण त्यात कोणते रिचार्ज घालावे याचा उलगडा मला होत नाही.

सध्या मी माझ्या एअरटेलच्या सिमवर दर २८ दिवसांनी १९९ रुपये भरतो. त्यात हवे तेवढे बोलता येते आणि सोबत २ जीबी डेटा मिळतो, जो माझ्या फोनात आजवर एकदाही वापरला गेलेला नाही. आमच्या नेहमीच्या दुकानदाराचे म्हणणे असे, की स्मार्टफोन घेतला म्हणजे रोजचा डेटा लागणारच, तेव्हा २९९ रुपयांचे, रोज एक जीबीचे रिचार्ज घ्या. मी वहीत हिशेब मांडला. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात. म्हणजे १९९ चे २,५८७ रुपये आणि २९९ चे ३,८८७ रुपये. हे वरचे तेराशे रुपये कशासाठी द्यायचे, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

माझी गरज अशी आहे. व्हॉट्सॲपवर नातवाचे फोटो पाहणे आणि रविवारी अर्धा तास त्याच्याशी समोरासमोर बोलणे. ईपीएसच्या (कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या) निवृत्तिवेतनासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझ्या बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्र ते ओळखत नाही आणि चेहऱ्यावरून दाखला घरूनच देता येतो असे समजले आहे. तिसरे म्हणजे पाटण तालुक्यात डोंगराच्या अंगाला आमची दीड एकर जमीन आहे. तिची ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सरकारी ॲपवरची नोंद, आजवर शेजाऱ्याच्या फोनवरून करावी लागते आणि दर हंगामात त्याला विनवायचे मला आता बरे वाटत नाही. त्या रानात मात्र सगळ्या कंपन्यांची रेंज येत नाही.

तेव्हा रोजचा डेटा खरोखरच लागतो का, वर्षभराचे रिचार्ज एकदम करावे का, आणि कंपनी बदलावी का, या तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

हिशेबनीस

काका, आपण वहीत मांडलेला हिशेब योग्यच आहे. फक्त त्यात आणखी एक रकाना आखा आणि त्याला ‘दिवसाला किती’ असे नाव द्या. रिचार्जच्या जाहिरातीत जीबी मोठ्या अक्षरांत असतात, पण आपल्यासारखा माणूस मुळात दिवस विकत घेत असतो, डेटा नव्हे. पूर्वी एकदा सिम घेतले की येणारे फोन जन्मभर फुकट येत. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांचे रिचार्ज सक्तीचे केले, आणि ती किमान रक्कम चढत चढत जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेल व व्होडाफोन आयडियाकडे १९९ वर आणि जिओकडे १८९ वर पोहोचली. आपण भरत असलेले पैसे हे प्रामुख्याने क्रमांक जिवंत ठेवण्याचे भाडे आहे.

आता तो नवा रकाना भरू. १९९ रुपये २८ दिवसांना म्हणजे दिवसाला ७ रुपये ११ पैसे. २९९ म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम बदलून, डेटा नको असलेल्या ग्राहकांसाठी केवळ बोलणे व एसएमएस यांचे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि अशा रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांचे ४६९ चे व वर्षाचे १,८४९ चे, तर जिओने ८४ दिवसांचे ४४८ चे व ३३६ दिवसांचे १,७४८ चे रिचार्ज आणले. एअरटेलचे वर्षाचे रिचार्ज दिवसाला ५ रुपये ७ पैशांना पडते. आपण इतकी वर्षे बटणांचा फोन वापरत होता, तेव्हा हे खरे आपल्या कामाचे होते. दुकानदाराने ते सांगितले नसेल, कारण विचारल्याशिवाय ते सहसा कोणी सांगत नाही.

आता मात्र आपल्याला थोडा डेटा हवा आहे. केवळ बोलण्याचे आणि रोजच्या डेटाचे या दोहोंच्या मधले एक रिचार्ज एअरटेलकडे आहे: ५४८ रुपयांत ८४ दिवस आणि एकूण ७ जीबी. दिवसाला ६ रुपये ५२ पैसे, म्हणजे आज आपण भरता त्याहूनही कमी, आणि डेटा २८ दिवसांना सव्वादोन जीबीहून थोडा अधिक. हे दर बदलत राहतात, म्हणून भरण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये किंवा ट्रायच्या दर-संकेतस्थळावर आजचा आकडा पाहून घ्यावा.

मिरज_मोबाईल

मी स्वतः मिरजेत रिचार्ज व दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो, म्हणून दुकानदारांची बाजूही लिहितो. तेराशे रुपये जास्तीचे विकून दुकानदार बंगला बांधतो असे कोणी समजू नये. रिचार्जवरचे कमिशन फार थोडे असते. २९९ चे सुचवण्यामागचे कारण वेगळे आहे. कमी डेटाचे रिचार्ज दिलेला नवा ग्राहक चौथ्या दिवशी ‘माझे नेट संपले, तू फसवलेस’ म्हणून भांडायला येतो, हा माझा दर आठवड्याचा अनुभव आहे. रोजच्या डेटाच्या रिचार्जमध्ये त्या दिवसाचा वाटा संपला तरी वेग ६४ केबीपीएसवर घसरून का होईना, व्हॉट्सॲपचा मजकूर जात राहतो. एकत्रित डेटाच्या काही रिचार्जमध्ये मात्र तो संपल्यावर मुख्य शिल्लक एमबीच्या हिशेबाने कापली जाते. म्हणून अशा ग्राहकाने मुख्य शिलकीत पैसे ठेवूच नयेत, किंवा डेटा संपत आला की मोबाईल डेटाचे बटण बंद करायला तरी शिकावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. काकांचे सिम किती जुने आहे? २जी किंवा ३जीच्या काळातले सिम असेल तर नवीन फोनात घालूनही ४जी चालणार नाही; सिम बदलून घ्यावे लागेल. सिम बदलले की पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. ही सोय ग्राहकाच्याच सुरक्षेसाठी आहे, पण नेमके त्याच दिवशी कोणी बँकेचे काम काढले की तो आमच्याच नावाने शंख करतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. तेव्हा कंपनी बदलायची असेल तर आधी सिम बदलण्याची यातायात करू नये. नवी कंपनी नवे सिम देतेच.

आणि जुन्या सिमवर किंवा जुन्या फोनात साठवलेले क्रमांक आपोआप नव्या सिममध्ये येत नाहीत. आधी वहीत उतरवून ठेवा. पाचाचे बटण वाचताना अडत नाही.

कोयनाकाठ

मी मूळचा पाटण तालुक्यातलाच आहे. रिचार्ज निवडण्याआधी रानातली रेंज निवडा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आमच्याकडे गावात बसथांब्यापाशी सगळ्या कंपन्या भरभरून लागतात आणि ओढा ओलांडून वर गेले की एकच उरते. कोणती उरेल हे प्रत्येक वाडीत निराळे. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर रेंजचे नकाशे दिलेले आहेत, पण डोंगराची सावली त्या नकाशात नीट उमटत नाही. जमिनीच्या ज्या गटाची पाहणी करायची, त्या गटात उभे राहून दोन-तीन शेजाऱ्यांचे फोन पाहावेत, हेच खरे मोजमाप. बीएसएनएलचाही विचार करावा; त्यांचे स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झाल्याचे जाहीर झाले आहे आणि आमच्या बाजूला काही वाड्यांत पूर्वीपासून त्यांचाच मनोरा आहे. मनोरा दिसतो म्हणून ४जी असेलच असे मात्र धरू नका. फोनच्या वरच्या पट्टीत काय लिहून येते ते पाहा.

ई-पीक पाहणीबद्दल एक दिलासा देतो. फोटो गटातच उभे राहून काढावा लागतो, कारण ॲप जीपीएसवरून आपली जागा तपासते. पण जीपीएसला रेंज लागत नाही, आणि भरलेली माहिती रेंजमध्ये आल्यावर पुढे पाठवता येते. म्हणजे ॲप साताऱ्यातूनच उतरवून व नोंदणी करून न्यावे. रानात जाऊन ओटीपीची वाट पाहत बांधावर बसण्याची पाळी माझ्यावर आली होती. ऊन उतरले तरी ओटीपी आला नाही.

कराडची_सून

आमच्या सासूबाईंनी मागच्या वर्षी असाच बदल केला, म्हणून अनुभव लिहिते. पहिली चूक आम्ही अशी केली, की स्वस्त पडते म्हणून वर्षाचे रिचार्ज एकदम करून टाकले. दोन महिन्यांत त्यांच्या माहेरगावी, जिथे त्या वर्षातले चार महिने राहतात, रेंजच येईना. कंपनी बदलायची म्हटले तर उरलेल्या दहा महिन्यांचे पैसे बुडणार, कारण क्रमांक दुसरीकडे नेला की जुन्या कंपनीकडची मुदत आणि शिल्लक दोन्ही तिथेच संपतात. शेवटी सासूबाई माळवदावर जाऊन बोलत राहिल्या आणि ऐकणाऱ्या आळीला आमच्या घरातले सगळे कळत राहिले. म्हणून पहिला महिना छोटेच रिचार्ज घ्यावे, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

दुसरे, डेटा कुठे जातो हे आम्हाला आधी कळलेच नव्हते. सासूबाई दिवसातून दहा मिनिटे फोन पाहायच्या आणि तरीही डेटा संपायचा. मी सेटिंगमध्ये जाऊन पाहिले तेव्हा भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज येणारे ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ आपोआप उतरत होते असे दिसले. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ नावाचा भाग आहे. तिथे मोबाईल डेटावर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि कागदपत्रे या चारही खुणा काढून टाकल्या, कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचे बटण चालू केले, आणि प्ले स्टोअरमध्ये ॲपची सुधारणा केवळ वायफायवर व्हावी असे ठरवून दिले. त्यानंतर ज्या व्हिडिओवर बोट ठेवाल तोच उतरतो. हे तीन बदल न करता कोणतेही रिचार्ज घेतले तरी ते अपुरेच पडेल.

टाकळीकर_पाटील

एवढा खटाटोप कशाला? ४जी चालणारे बटणांचे फोन मिळतात. २०२३ मध्ये जिओभारत ९९९ रुपयांना आला तेव्हा त्यासोबत २८ दिवसांचे १२३ रुपयांचे रिचार्ज होते आणि त्यावर यूपीआयही चालते. माझे तीर्थरूप त्याच्यावर समाधानी आहेत.

हिशेबनीस

पाटील, आपले म्हणणे केवळ बोलण्यापुरते असेल तर बिनतोड आहे. पण ते रिचार्ज फक्त त्याच फोनात चालते, आणि चेहऱ्यावरून हयातीचा दाखला व ई-पीक पाहणी ही कामे त्या फोनात होत नाहीत. काकांची तीनपैकी दोन कामे तीच आहेत.

सांगली_विश्रामबाग

घरात तीन-चार फोन असतील तर पोस्टपेडचाही विचार व्हावा. एका मुख्य क्रमांकाला बाकीचे जोडून घेतले की प्रत्येकी खर्च उतरतो. जिओच्या ४४९ च्या कौटुंबिक योजनेत जोडलेल्या प्रत्येक क्रमांकाला १५० रुपये पडतात. मात्र प्रीपेडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो आणि पोस्टपेडच्या बिलात तो वर लागतो, हे विसरून तुलना करू नये. तसेच ‘अमर्याद ५जी’ हे शब्द वाचून भुलू नका. जुलै २०२४ मध्ये जिओ व एअरटेलने ती सवलत रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या रिचार्जपुरती ठेवली.

पोवईनाका (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. जुने सिम काढून पाहिले. ते २००९ सालचे आहे, आकाराने नव्या फोनाच्या खाचेत बसतच नाही, आणि कंपनीच्या सेवाकेंद्रात गेल्यावर कळले की ते माझ्या नावावर नसून पुतण्याच्या नावावर आहे. त्या वेळी त्याने आपले ओळखपत्र देऊन ते घेतले होते आणि सोळा वर्षांत कोणालाही याची आठवण राहिली नाही. तेथील मुलीने नम्रपणे सांगितले, की ज्याच्या नावावर सिम आहे त्यानेच यावे लागेल. पुतण्या कोल्हापूरला नोकरीस असतो; तो शनिवारी येणार आहे. आता सिम बदलावे, नावावर करून घ्यावे की कंपनी बदलावी?

मिरज_मोबाईल

हे फार घरांत आहे, काका. बँकेला, आधारला आणि निवृत्तिवेतनाला जोडलेला क्रमांक दुसऱ्याच्या नावावर असणे बरे नव्हे, तेव्हा पुतण्या आला आहे तोवर आधी नाव बदलण्याचे काम करून घ्या; दोघांचीही ओळखपत्रे लागतील. संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत तेही पाहता येते, ते पुतण्यालाही पाहायला सांगा.

कंपनी बदलण्याची वेळ पुढे कधी आलीच तर इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला क्रमांक लिहून १९०० ला एसएमएस करायचा. येणारा आठ अक्षरांचा संकेतांक आपल्या भागात चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असावे लागतात. एसएमएसची सोय नसलेल्या रिचार्जवरूनही हा एसएमएस जाऊ दिला पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. आणि जाताना सध्याचे रिचार्ज संपत आलेले असावे.

कराडची_सून

काका, सिम बदलाल त्या दिवशी निवृत्तिवेतन काढायला जाऊ नका.

पोवईनाका (धागाकर्ता)

पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात लिहिण्यासारखा आकडा हाती नव्हता. शनिवारी पुतण्या आला, क्रमांक माझ्या नावावर झाला आणि नवे सिमही मिळाले. चोवीस तास एसएमएस येणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे मी निवांत होतो. शेजारच्या गृहस्थांना त्याच आठवड्यात हाच अनुभव आला आणि ते दोनदा सेवाकेंद्रात जाऊन आले.

कंपनी बदलली नाही. रानात जाऊन कोयनाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले; वरच्या बांधावर माझ्याच सिमला दोन कांड्या येतात, शेजाऱ्याच्या सिमला एकही नाही. हरभऱ्याचा फोटो काढला, माहिती भरली आणि खाली रस्त्याला आल्यावर ती पुढे गेली. शेजारी सोबत होता. या वेळी त्याचीच नोंद माझ्या फोनवरून झाली.

पहिला महिना १९९ चेच ठेवले. मुलगा आला होता तेव्हा त्याच्या हॉटस्पॉटवर सगळी ॲप उतरवून घेतली. मी वहीत रोज रात्री फोनातला वापराचा आकडा लिहीत होतो. पहिल्या दोन दिवसांत ६४० एमबी गेले, कारण कराडच्या ताईंनी सांगितलेल्या चार खुणांपैकी व्हिडिओची खूण माझ्याकडून काढायची राहिली होती आणि आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर मंडळी पहाटे साडेचारपासून जागी असतात. ती खूण काढल्यावर साध्या दिवशी ३५ ते ४५ एमबी, आणि नातवाशी बोलण्याच्या रविवारी दीडशे एमबीच्या आसपास असा वापर स्थिरावला. पहिल्या दोन दिवसांच्या उधळपट्टीमुळे २ जीबी पंचविसाव्या दिवशी संपले. त्यानंतरचे तीन दिवस डेटा बंद ठेवला आणि विशेष काही अडले नाही. हयातीचा दाखला चेहऱ्यावरून दुसऱ्या प्रयत्नात झाला. पहिल्या वेळी खिडकीचा उजेड पाठीमागे होता.

आता ८४ दिवसांचे, ७ जीबीचे ५४८ चे रिचार्ज घेतले आहे. वर्षाचे घेण्याचा विचार मनात आला होता, पण सौभाग्यवतींचे म्हणणे पडले की तीन महिन्यांचेच घ्या, कंपनीचा काय भरवसा. वहीत पुढच्या भरण्याची तारीख लिहून ठेवली आहे, आणि बटणांचा फोन गजर लावण्यासाठी उशाशी आहे. त्याला पाचाचे बटण लागत नाही, कारण मी सहाला उठतो.